जुन्या नकाशात उत्तर-दक्षिण जमलंय, पूर्व-पश्चिम गंडलंय, असं का?

दांडियाबझारवाला:
नमस्कार मंडळी. आमच्या काकांकडे हॉलमध्ये ऑर्टेलियस नावाच्या नकाशाकाराच्या 1570 च्या जगाच्या नकाशाची मोठी प्रिंट लावलीय. आफ्रिका लगेच ओळखू येते, आपला पश्चिम किनारा पण कामचलाऊ आहे, पण दक्षिण अमेरिकेला डावीकडे खाली भलताच फुगवटा आणि तळाला एवढा थोरला खंड की जो तोवर कोणी बघितलेलाच नव्हता! मॅगेलन या दर्यावर्दीची उरलेली माणसं 1522 मध्येच जग फिरून आली होती ना, मग तरी एवढा घोळ कसा? बडोद्यात समुद्र नाही, माझी धाव सुरतच्या डुमसपर्यंत, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

रिटायर्ड मास्तर:
अरे, अक्षांश काढणं सोपं. ध्रुवतारा जितके अंश वर, तितके तुझे अक्षांश. बडोदं 22 अंशाच्या जरा वर, म्हणजे हात लांब करून क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवलीस तर दोन मुठींच्या किंचित वर ध्रुव सापडेल (अलकापुरीच्या लाइटांतून दिसला तर). अरबी खलाशी यासाठी कमाल वापरायचे, म्हणजे लाकडाची चौकोनी फळी आणि तिच्यातून ओवलेली गाठींची दोरी, दोरी दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ताऱ्याला टेकली की कितवी गाठ ते बघायचं.

रेखांशाला मात्र वेळ लागते. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, त्यामुळे जहाजावरची वेळ आणि घरच्या बंदरावरची वेळ दोन्ही एकदम माहीत पाहिजेत. आपलंच बघ, घड्याळ चालतं 82.5 अंश रेखांशाचं आणि बडोदं आहे 73 च्या थोडं पुढं, म्हणून सूर्य इथं सरासरी 12:37 ला माथ्यावर येतो. त्या फरकावरूनच रेखांश निघतो. पण 4 मिनिटं चुकली की एक अंश गेला, विषुववृत्तावर 111 किलोमीटर, आणि हलत्या जहाजात लंबकाचं घड्याळ कसलं टिकतंय! मग सगळं अंदाजपंचे, वेग इतका, दिशा अमुक, तास इतके, त्यात पाण्याचा प्रवाह जहाजाला कुठं ओढतोय ते कळायचं नाही. मॅगेलनच्या माणसांनी जग फिरून दाखवलं हे खरं, पण पॅसिफिक किती रुंद आहे हे नीट मोजायला त्यांच्याकडे होतं काय?

1707 मध्ये असाच जागेचा अंदाज चुकून इंग्लंडजवळच्या सिली बेटांपाशी ब्रिटिश आरमाराची चार जहाजं फुटली, 1714 मध्ये पार्लमेंटनं समुद्रावर रेखांश काढण्यासाठी 20,000 पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं, आणि जॉन हॅरिसन नावाच्या सुतारानं अख्खी हयात घालवून तळहातापेक्षा थोडंच मोठं, समुद्रावर चालणारं घड्याळ बनवलं. त्याची नक्कल घेऊन ब्रिटिश कप्तान कुक 1772 ला निघाला, दक्षिणेला पार बर्फापर्यंत जाऊन आला, आणि तुझ्या काकांच्या नकाशातला तो थोरला खंड निकालात निघाला. अंटार्क्टिका दिसला 1820 मध्ये.

फतेगंजचा बंड्या:
मास्तर, मग घड्याळ नसताना वास्को द गामा बरोब्बर कालिकतला कसा टपकला? नशीब?

भरुचची माहेरवाशीण:
नशीब कसलं, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून वाटाड्या घेतला होता त्यानं. काही पोर्तुगीज इतिहासकार त्याला गुजरातीच म्हणतात. 1498 च्या एप्रिलअखेर वाऱ्याच्या सोयीनं निघाले ते तीनेक आठवड्यांत इकडे, आणि परतताना वारा न बघता निघाले तर तेवढ्याच पाण्याला तीन महिने, कितीतरी माणसं आजारी पडून मेली. आमच्या भरुचच्या पाण्याबद्दल तर पहिल्या शतकातल्या ग्रीक पेरिप्लसमध्येच, म्हणजे खलाशी-व्यापाऱ्यांच्या माहितीपुस्तकात, लिहिलंय, राजाचे कोळी मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढं जायचे आणि परदेशी जहाजं उथळ वाळूतून वाचवत नर्मदेच्या मुखात आणायचे, भरतीचा जोरच तसा होता. आणि साप! कच्छच्या बाजूला मोठे काळे दिसतात, भरुचजवळ लहान, हिरवट सोनेरी, म्हणजे साप बघून जमीन कुठली ते ओळखायचं. नकाशा नंतर आला हो, पाणी वाचणारे आधीपासून होते.

फतेगंजचा बंड्या:
साप बघून पार्किंग 😂

दांडियाबझारवाला:
भारी! मास्तर, ते कमाल घरी बनवता येईल का? पोराला दाखवायचंय.

रिटायर्ड मास्तर:
येईल की. पुठ्ठा 20 सेंटिमीटर उंच काप, मधोमध भोक पाडून दोरी ओव, डोळ्यापासून पुठ्ठा 50 सेंटिमीटरवर राहील अशी गाठ मार. ती गाठ बडोद्याची. फक्त गच्चीवरून क्षितिज मिळणार नाही, पादरा गावाकडे मोकळ्या शेतात घेऊन जा त्याला.