कपॅसिटर बोर्डावरच तपासायचा की एक पाय उचलून?

राळेचा वास (फोंडा): नुसते मायक्रोफॅरड, म्हणजे वीज साठवायची क्षमता, बघून कपॅसिटर पास करणं सोडा, असं माझं आता ठाम मत झालंय. परवा एक सेट-टॉप बॉक्स आला. लाल दिवा लुकलुकतो, पुढे काही नाही. आउटपुट डायोडजवळचा १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर डोक्यावर सपाट, फुगवटा नाही. काढून मल्टिमीटरला लावला, ९१० आले. म्हटलं, हा सज्जन. मग दोन तास आयसीच्या मागे, बदललासुद्धा! शेवटी ईएसआर मीटर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध मोजणारा, टेकवला तर ४ ओहम. धड असलेल्याचा ०.१च्या आसपास येतो. मल्टिमीटर सावकाश भरून मोजतो. स्विचिंग सप्लाय त्यालाच सेकंदाला हजारो वेळा राबवतो, तिथे पितळ उघडं पडतं. ईएसआर मीटर घ्या, बोर्डावरच टेकवा, काढूच नका.

जुना रेडिओ (म्हापसा): पहिलं पटलं, ‘काढूच नका’ मुळीच नाही. शॉर्ट झालेला कपॅसिटर त्या मीटरवर शून्याजवळ येणार आणि तुम्ही म्हणणार, वा, ठणठणीत! समांतर दुसरा असेल तर चांगला वाइटाला झाकतो. ४०० व्होल्टवाल्याचं लीकेज, म्हणजे आतून होणारी विजेची गळती, तर मीटरच्या इवल्याशा व्होल्टला कळतच नाही. सोल्डर काढून एक पाय उचला, मग बोला. आणि पंख्याच्या कंडेन्सरला, तोही कपॅसिटरच, ईएसआर कशाला? २.५ मायक्रोफॅरडचा १.६ झाला की पंखा रडतो. साधा मीटर पुरे.

सोलकढी (काणकोण): दहा रुपयांच्या वस्तूसाठी एवढा खल? सगळे बदला, मोकळे व्हा.

राळेचा वास: केलंय तेही. बोर्डावरचे दोन तांब्याचे ट्रॅक उखडले, एक कपॅसिटर उलटा बसला आणि फाटकन उडाला. वर तापणाऱ्या हीटसिंकला खेटून १०५ डिग्री सोसणाऱ्याच्या जागी ८५वाला लावलात तर गिऱ्हाईक लवकरच परत दारात.

कालचा पोर: मग मी आधी काय लावू?

जुना रेडिओ: काही लावू नकोस बाबा, आधी कपॅसिटर रिकामा कर. प्लग काढला तरी मेनच्या कपॅसिटरवर ३२० व्होल्टच्या आसपास बसलेले असू शकतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणग्या काढू नकोस. २.२ के (किलोओहम), ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी त्याच्या दोन्ही पायांना पाचेक सेकंद लाव, मग व्होल्ट मोज.

राळेचा वास: शॉर्टचा मुद्दा मान्य, आधी मल्टिमीटरच्या ओहमवर बघायला हवं. पण प्रत्येकाचा पाय उचलायला माझ्याकडे वेळ नाही. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आलीय आणि भजनी मंडळाचा अँप्लिफायर नुसता घुमतोय. त्याच्या ४७००/६३च्या फिल्टरचा तेवढा उचलतो उद्या. बोर्डावरचा आणि पाय उचलल्यावरचा, दोन्ही आकडे इथेच टाकतो.