मदत मागताना तुमचं पहिलं वाक्य काय होतं?

मन कोलमडलं की सगळे म्हणतात, "बोलत जा." कसं बोलायचं, तिथेच घोडं अडतं. २०२१मध्ये बाबा गेले. त्यानंतर चार महिने रोज पहाटे ३ला जाग यायची. ऑफिस, डबे सगळं चालू. एकदा कुकर लावताना नणंदेला म्हटलं, "वन्सं, मला एकटीला झेपत नाहीये." त्यांनी गॅस बंद केला आणि जवळ बसल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडेही त्याच घेऊन गेल्या.

तुमचं वाक्य लिहा. नाव लिहायलाच हवं असं नाही.

*

"छातीत धडधडतंय." ईसीजी, थायरॉइड, बी-१२ सगळं नॉर्मल. मग डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागते का?" आणि मला रडू फुटलं. वय ४८, तोवर कुणासमोर रडलो नव्हतो. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या. पहिले १५ दिवस नुसती मळमळ. सोडणारच होतो, पण फरक पडायला ३-४ आठवडे लागतात हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पाचव्या आठवड्यात बऱ्याच दिवसांनी पेपर शेवटपर्यंत वाचला. पुढे बरं वाटतंय म्हणून मनानेच गोळ्या बंद केल्या, तर चक्कर आणि चिडचिड सुरू झाली. असं करू नका. डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

*

मोठ्या भावाला सांगितलं. "पोटभर खायला मिळतंय, कसलं डिप्रेशन?" पुढे वर्षभर मी तोंड उघडलं नाही. शेवटी आत्याला सांगितलं. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, कळकळीने सांगते.

*

हॉस्टेलवर, रात्री दीडला टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. १४४१६, पैसे लागत नाहीत, २४ तास चालू, मराठीतही बोलतात. पलीकडच्या ताईंनी सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतोय का?" मी हो म्हणाले. त्या दचकल्या नाहीत, रागावल्या नाहीत. जवळ कोण आहे ते विचारलं. मी रूममेटला उठवेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.

*

आमच्याकडे आशाताई बाळाचं वजन करायला आल्या होत्या. म्हटलं, "बाळाचं बघताय, माझंही बघा ना." जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टर असतात, हे त्यांच्याकडूनच कळलं.

*

मी अजून कुणाशीच बोललेलो नाही. वरचं "एकटीला झेपत नाहीये" हे वाक्य "एकट्याला" करून ताईला पाठवतोय.

*

पाठवलंत का, दादा?

*

हो. तिचा फोन आला. शनिवारची वाट बघत नाही, आजच निघते म्हणाली.