मदत हवी आहे: एपीएस-सी लेन्सचे प्रतिमावर्तुळ फुल फ्रेमला कुठपर्यंत पुरते?

एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यासाठी बनवलेली १०-२० मिमी झूम लेन्स मी त्याच माउंटच्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर, स्वयंचलित क्रॉप (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणे) बंद करून वापरत आहे. एपीएस-सी सेन्सरचा कर्ण सुमारे २८ मिमी आणि ३६ × २४ मिमी सेन्सरचा सुमारे ४३ मिमी असल्यामुळे लेन्स सेन्सरवर पाडते ते प्रतिमेचे वर्तुळ (प्रतिमावर्तुळ) अपुरे पडून कोपरे काळे येणे अपेक्षितच होते. मात्र १० मिमीला ठळक दिसणारी काळी कड १६ मिमीच्या पुढे जवळजवळ नाहीशी होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हूड व फिल्टर काढून पाहिले. अ‍ॅपर्चर एफ/४ वरून एफ/११ पर्यंत लहान केल्यावर कोपऱ्यांकडची मंद सावली कमी झाली, पण काळ्या भागाची सीमा मागे हटली नाही, उलट अधिक रेखीव झाली. क्रॉप मोडमध्ये २४ मेगापिक्सेलपैकी जेमतेम १० उरतात आणि मला मोठ्या आकाराचे छापील फोटो हवे आहेत, त्यामुळे तो पर्याय नको. नवी लेन्सही तूर्त घ्यायची नाही.

१६ मिमीच्या पुढे कोपऱ्यांत जो धूसरपणा उरतो, तो अ‍ॅपर्चर आणखी लहान करून जाईल, की वर्तुळाच्या कडेचा भाग रचनेतच दुरुस्त केलेला नसल्याने तसाच राहील, आणि यांतले नेमके कारण घरच्या घरी कोणत्या चाचणीने ओळखावे?