मदत हवी आहे: जीपीयू ड्रायव्हरमधलं जॉब सबमिट फंक्शन कुठे तोडावं?

लिनक्सवरचा ड्रायव्हर आहे, खाली डीआरएम शेड्यूलर (जीपीयूची कामं, म्हणजे जॉब, रांगेत लावणारा कर्नलचा भाग). जॉब पाठवायला एकच फंक्शन, कॉल असा दिसतो:

जॉब_सबमिट(क्यू, जॉब, फेन्स, ट्रू, फॉल्स, ०);

फेन्स म्हणजे एखादं काम संपलं हे कळवणारी खूण; इथे ज्याची वाट बघायची तो. ट्रू म्हणजे 'बफरवर लिहिणार', फॉल्स म्हणजे 'जीपीयू रिसेट झाल्यावर पुन्हा पाठवू नको'. दोन्हींची अदलाबदल झाली तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. शेवटचं शून्य टाइमआउटचं. त्याचा अर्थ 'टाइमआउट नाही' की 'नेहमीचा टाइमआउट' यावर दोन फाइलींत दोन मतं आहेत, ते असो. नावाचे फ्लॅग आणले की एवढं तरी निस्तरेल.

खरी डोकेदुखी एरर आल्यावरची. फेन्सचा रेफरन्स (तो वापरात असल्याची नोंद) कोणी सोडायचा? डिपेंडन्सी जोडताना (जॉब कोणत्या फेन्ससाठी थांबणार ते नोंदवताना) मेमरी मिळाली नाही तर आतलं फंक्शन तो सोडून मोकळं होतं. त्याआधीच्या तपासणीत अडकलं तर सोडत नाही. कॉल करणाऱ्याला दोन्ही वेळा नुसती एरर दिसते, मग कुठे लीक तर कुठे दोनदा सोडणं. जॉबचंही तेच: आर्म होण्याआधी (जॉबच्या स्वतःच्या फेन्सला सीक्वेन्स नंबर मिळण्याआधी) क्लीनअप चालतं, पण एकदा तो नंबर मिळाला की पुश करावाच लागतो, म्हणजे रांगेत टाकावाच लागतो, नाहीतर त्याच्या फेन्सवर थांबलेले थांबूनच राहतात. हे काहीच सिग्नेचरमध्ये दिसत नाही.

सगळे पॅरामीटर एका स्ट्रक्टमध्ये घालावेत का? शेड्यूलरच्या इनिटचं २०२५ मध्ये तसंच केलं. वाचायला छान, पण मालकीचा घोळ तसाच राहतो. की इनिट, आर्म, पुश असे तीन तुकडे करावेत? मग कोणी क्रम चुकवला तर?

प्रतिसाद १
तोडा, पण दोनच तुकडे करा. कुठे ते रिटर्न टाइपवरून ठरवा. शेड्यूलरमध्येच बघा: जॉब इनिट आणि डिपेंडन्सी जोडणं इंट (एरर कोड) परत करतात, आर्म आणि पुश व्हॉइड आहेत, काहीच परत करत नाहीत. फसू शकणारं सगळं (मेमरी, यूजरस्पेसची कॉपी, बफरची लॉक) 'जॉब_तयार'मध्ये, इंट. आर्म आणि पुश 'जॉब_कमिट'मध्ये, व्हॉइड. आर्म आणि पुश एकाच लॉकखाली लागोपाठ व्हायला हवेत, नाहीतर नंबरांचा क्रम आणि रांगेचा क्रम जुळत नाही. म्हणून ते सुटे बाहेर देऊच नका, क्रम चुकवायला जागाच उरत नाही.

फेन्सचा नियम: यश येवो न येवो, रेफरन्स फंक्शन घेतं. डिपेंडन्सी जोडणारं फंक्शन असंच वागतं. तुमची तपासणी त्याच्याशी जुळवून घ्या.

धागाकर्ता
पटलं. पण आउट-फेन्स (हा जॉब संपल्याचं कळवणारा) यूजरस्पेसला सिंक फाइल म्हणून, म्हणजे फाइल डिस्क्रिप्टरमागे गुंडाळून, द्यायचा आहे, आणि सिंक फाइल तर आर्मनंतरच बनते. तिथे मेमरी मिळाली नाही तर कमिट व्हॉइड कसं राहील?

प्रतिसाद १
डिस्क्रिप्टरचा नंबर तयारीतच राखून ठेवा. सिंक फाइल फसली तरी जॉब पुश कराच. राखलेला नंबर परत करा आणि एरर आयओसीटीएलमधून (यूजरस्पेसने ड्रायव्हरला केलेल्या कॉलमधून) द्या, कमिटमधून नाही. सिंक फाइलऐवजी सिंकऑब्जेक्ट (फेन्स धरून ठेवणारी डीआरएमची वस्तू) चालत असेल तर आणखी सोपं: त्याच्या टाइमलाइनसाठी (क्रमांक दिलेल्या फेन्सच्या साखळीसाठी) लागणारा फेन्स चेनचा नोड आधीच अलोकेट करून ठेवायचा, आर्मनंतर फक्त जोडायचा.