जुन्या फ्लॅटमध्ये अर्थिंग नाही, सॉकेटमध्येच न्यूट्रलचा लूप दिला तर चालतं का?

नाशिककर_८७
१९८७ची इमारत, तिसरा मजला. वायरिंग दोन तारांचं, फेज आणि न्यूट्रल. हिरवी तार कुठेच नाही. आता बाथरूममध्ये २ किलोवॅटचा गीझर लावायचाय. वायरमन म्हणतो भिंत फोडायला नको, सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला छोटा लूप मारतो, टेस्ट लॅम्प पेटला की अर्थिंग झालं. आरसीसीबीही (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नको म्हणतो, सारखी ट्रिप होते म्हणून. हे नियमात बसतं का? नसेल तर कमीत कमी काय काम करून घ्यावं?

तिसरी_तार
करू देऊ नका. नियमात बसत नाही, आणि तो नियम का आहे ते गीझरवरच नीट दिसतं.

न्यूट्रल कुठे ना कुठे सुटतो: मीटरच्या टर्मिनलला, कटआउटमध्ये, बोर्डातल्या लिंकच्या (जिथे सगळे न्यूट्रल एकत्र जोडतात) ढिल्या स्क्रूला. तो सुटला की चालू असलेल्या पंख्यातून, ट्यूबमधून फेज न्यूट्रलच्या तारेवर येतो आणि तुमच्या लूपमधून थेट गीझरच्या बॉडीवर. गीझर स्वतः ठणठणीत असला तरी. दुसरा प्रकार त्याहून वाईट. खांबावर किंवा मीटरपाशी दुरुस्ती करताना फेज-न्यूट्रल अदलाबदल झाले, तर बॉडीवर सरळ २३० व्होल्ट. एमसीबी (ओव्हरलोड किंवा शॉर्टवर पडणारा स्विच) पडणार नाही, कारण तिच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही. घरातले दिवे-पंखेही नेहमीसारखे चालत राहतील, त्यामुळे नळाला ओला हात लागेपर्यंत कोणाला कळत नाही.

लूप असताना आरसीसीबी लावली तरी ती आंधळी होते. एलिमेंट फुटून बॉडीवर आलेला करंट अर्थच्या पिनमधून लूपवाटे न्यूट्रलमध्येच परत जातो. आरसीसीबी फक्त फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून आलेला करंट यांतला फरक मोजते. इथे फरक शून्य.

टेस्ट लॅम्पवर तर अजिबात विसंबू नका. लूपवर तो पेटणारच, तो न्यूट्रलच आहे. खऱ्या अर्थिंगवरसुद्धा १०० वॅटचा बल्ब जेमतेम ०.४३ अँपिअर घेतो. अर्थिंगचा रोध २० ओहम असला तर त्यात ९ व्होल्टही पडत नाहीत, बल्ब लख्ख पेटतो. पण तेच २० ओहम खऱ्या फॉल्टला २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअरच जाऊ देतात. १६ अँपिअरची एमसीबी त्यावर कधीच पडत नाही आणि बॉडीवर जवळपास पूर्ण दाब तसाच राहतो. म्हणून अर्थिंगही हवं आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबीही. नुसती आरसीसीबी असेल तर ती माणसाच्या अंगातून करंट गेल्यावरच पडते. अर्थिंग असेल तर हात लागायच्या आधी पडते.

बोर्डवाला
कामाचं सांगतो. सोसायटीच्या मीटररूममध्ये अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) आहे का ते आधी बघा आणि अर्थ टेस्टरने मोजून घ्या. घरगुती कामात ५ ओहमच्या आत असेल तर चांगलं. पिटच नसेल तर सोसायटीला करायला लावा: अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, वर पाणी ओतायला चेंबर.

तिथून फ्लॅटपर्यंत हिरवी तांब्याची तार आणा, मीटरपासून येणाऱ्या फेजच्याच जाडीची. फेज ६ चौरस मिमी असेल तर अर्थही ६. गीझरसाठी बोर्डातून स्वतंत्र लाइन: २.५ चौरस मिमीच्या तीन तारा, १६ अँपिअरची एमसीबी, बाथरूमच्या बाहेर २० अँपिअरचा डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच. भिंत फोडायची नसेल तर केसिंग-कॅपिंगमधून (भिंतीवरच्या प्लास्टिकच्या पट्टीतून) न्या, चांगलं दिसतं. पाण्याच्या पाइपला अर्थ जोडू नका. मधे कुठे सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) तुकडा असला तर अर्थिंग तुटतं आणि शॉक खालच्या मजल्यावरच्याला बसतो.

आरसीसीबी ओव्हरलोडवर पडत नाही, त्यामुळे एमसीबी सोबत हवीच. घरात इन्व्हर्टर एसी किंवा तसलं वॉशिंग मशिन असेल तर ‘ए’ टाइपची आरसीसीबी घ्या, ‘एसी’ टाइपची नको.

नाशिककर_८७
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. लूप नको म्हणून सांगितलं. ट्रिपिंगचं काय? घरात बॅटरीवाला इन्व्हर्टर आहे.

तिसरी_तार
मग बहुधा कारण तोच. इन्व्हर्टरचा फेज आरसीसीबीच्या आधीच घेतलेला असतो आणि त्याच्या दिव्यांचा न्यूट्रल आरसीसीबीतून परत येतो. दोन दिवे लावले की पुरे, पडलीच. इन्व्हर्टरचा इनपुट आरसीसीबीच्या नंतर घ्या, किंवा त्या सर्किटांचा न्यूट्रल वेगळ्या लिंकवर काढून वेगळी आरसीसीबी द्या. जुन्या घरात एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमधून उसना घेतलेला असतो, तेही शोधायला लावा.

पावसाळ्यातच पडत असेल तर भिंतीतल्या जंक्शन बॉक्समध्ये ओल आहे. सगळ्या एमसीबी खाली केल्या तरी आरसीसीबी टिकत नसेल तर गोंधळू नका. सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, दोष न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये असू शकतो. मेन बंद करून, उपकरणं काढून, ५०० व्होल्टच्या मेगरने (तारांचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही मोजायचं. १ मेगाओहमच्या खाली आलं तर ती लाइन बदलायची. ‘आरसीसीबी काढून टाका’ हा ट्रिपिंगवरचा इलाज नाही.

परवाना_पाहा
एक राहिलं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा विनियमांनुसार असं काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावं लागतं. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्याला सूट आहे, पण गीझरची नवी लाइन त्यात येत नाही. परवाना बघायला मागा, आणि काम झाल्यावर टेस्ट रिपोर्टवर मेगर आणि अर्थचे आकडे लिहून घ्या. नुसतं ‘ओके’ लिहिलं असेल तर पैसे देण्याआधी समोर मोजून दाखवायला सांगा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. त्याने आरसीसीबी चालते एवढंच कळतं, अर्थिंगची तपासणी होत नाही. अर्थिंगचा आकडा मे महिन्यात, जमीन कोरडी असताना मोजून घ्या.