लेहची थंडी : आधी सुती बनियन बदला
जानेवारीत लेहला एकच जाड जॅकेट पुरेल का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असंच आहे. घोळ होतो तो आतल्या सुती बनियनमुळे. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि चालून थांबलं की तोच ओलावा अंग गार करतो. अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस म्हणजे मऊ, उबदार कापडाचा स्वेटरसारखा थर, वर वारा अडवणारं जॅकेट. बूट थोडे सैल घ्या. जाड मोज्यांनी पाय आवळला की बोटं बधिर होतात.

आणि कृपा करून पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्या. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. मुंबईहून विमानाने थेट उतरलात तर विरळ हवा थंडीपेक्षा जास्त छळते. आईबाबा सोबत असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.