निरंक, शून्य आणि रिकामा रकाना

प्रश्न : डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून नुकतंच कामाला लागलो आहे. सध्या महसूल मंडळांच्या, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या गटांच्या, पावसाचे तक्ते हाताळतोय. एकाच रकान्यात कुठे ०, कुठे ‘निरंक’, कुठे आडवी रेघ, कुठे काहीच नाही. सगळ्यांचा अर्थ एकच ना? सरसकट ० भरलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. शून्य ही मोजणी आहे. पर्जन्यमापक जागेवर होता, कुणीतरी सकाळी जाऊन पाहिलं, पाणी साचलेलं नव्हतं. निरंक हे निवेदन आहे. ‘प्रलंबित प्रकरणे : निरंक’ असं लिहून खाली सही करणारा कारकून सांगतो, की मी दप्तर पाहिलं, कळवण्यासारखं काही नाही. म्हणून तापमान शून्य अंश असतं, निरंक कधी नसतं. थकबाकी मात्र निरंक असते. पावसापुरता दोन्हींचा हिशेब एकच, तिथे खुशाल ० भरा.

रिकाम्या रकान्याचं तसं नाही. तो कुणी पाहिलंच नाही म्हणून रिकामा असेल, यंत्र बिघडलं म्हणून असेल, किंवा पाऊस नव्हता तर लिहायचं काय म्हणूनही असेल. आडवी रेघही तशीच. समजा पाच मंडळांचे आकडे १४, १०, ०, ६ मिमी आणि एक रिकामा असे आहेत. रिकाम्याला शून्य धरलंत तर सरासरी ६, वगळलंत तर ७.५. एवढ्याने काय बिघडतं, असं वाटेल. पण महाराष्ट्रात एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि नुकसानीच्या पंचनाम्यांची, मदतीची गाडी तिथून पुढे सरकते. मुसळधार पावसातच वीज जाते, रस्ता बंद होतो, नोंद घ्यायला माणूस पोचत नाही. म्हणजे जो रकाना रिकामा, नेमका तोच दिवस धो धो पावसाचा असू शकतो. त्यावर आपण घरबसल्या ० लिहायचं? मला हे अजिबात मान्य नाही.

‘निरंक’चा एक वापर मात्र मला खटकतो. माहिती अधिकाराच्या उत्तरात ‘आपण मागितलेली माहिती निरंक आहे’ असं येतं. तसं काही घडलंच नाही, की घडलं पण नोंद ठेवली नाही? अर्जदाराला कळायला मार्ग नसतो. नोंद नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असं सरळ लिहावं. निरंक हा शब्द ‘पाहिलं, काही नाही’ एवढ्याच अर्थाला राखून ठेवावा, इतका तो नेमका आहे.

प्रश्न : पण मग कुठल्या रेघेचा काय अर्थ, हे ठरवायचं कसं?

उत्तर : फोन उचलून. याला कुठलंही सॉफ्टवेअर पुरं पडत नाही. तक्ता जिथून आला तिथे विचारा, आणि विचारताना शब्द जपून वापरा. ‘तुमचे आकडे चुकलेत का?’ म्हटलं की समोरचा सावध होतो आणि ‘वरून आलं तसं पाठवलं’ यापलीकडे काही बोलत नाही. ‘हा रकाना तुमच्याकडे कोण भरतं? पाऊस नसला की काय लिहितात?’ असं विचारा. मग माणूस मोकळेपणाने सांगतो, की संगणकावर रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून आम्ही ० टाकतो. म्हणजे जी शून्यं तुम्ही खरी धरून बसलात, त्यांतलीही काही तपासायला हवीत. ही माहिती त्या माणसाकडेच असते, त्याला मान देऊनच ती मिळते. त्याचं म्हणणं तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी साहेब ‘हे कोणी ठरवलं?’ असं विचारतातच.

त्याच फोनवर ‘दिवस’ म्हणजे काय तेही विचारून घ्या. भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठला संपणारे २४ तास धरतो. मंगळवारच्या तारखेपुढे लिहिलेला पाऊस बराचसा सोमवारचा असतो. आणि ‘पावसाचा दिवस’ म्हणायला त्या २४ तासांत निदान २.५ मिमी पाऊस लागतो. दिवसभर भुरभुर झाली, अंगण ओलं झालं, तरी हिशेबात तो पावसाचा दिवस नाही. बैठकीत एखादा शेतकरी ‘त्या दिवशी पाऊस होता’ म्हणाला, तर त्याला खोटं पाडू नका. दोघंही आपापल्या जागी बरोबर असता.

प्रश्न : अहवालात मग शब्द कोणते वापरू?

उत्तर : तीनच ठेवा : ‘०’, ‘माहिती आली नाही’ आणि ‘यंत्र बंद’. ‘उ.ना.’ (उपलब्ध नाही) अशी अक्षरं टाळा. त्यांचा अर्थ तळटीपेत द्यावा लागतो आणि बैठकीत तळटीप कुणी वाचत नाही. आणि किती मंडळांची माहिती आली नाही, तो आकडा सरासरीच्या शेजारीच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. ‘हे कशाला दाखवायचं, वाईट दिसतं’ असा आग्रह होईल. तिथे नम्रपणे पण ठाम राहा.